वाळूच्या कढईतले पाच नमुने

माझे दात तुम्ही पाहिलेले नाहीत, म्हणून आधी तेच सांगते. दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. राखेनं घासले, मिठानं घासले, पेस्ट आली तेव्हा पेस्टनं घासले, काही जात नाहीत. माझं माहेर झरी जामणीकडचं, जंगलाच्या कडेचं. आमच्या वस्तीत हापशीचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांचेच दात असे, त्यामुळे मला वाटायचं की दात असेच असतात. लग्न होऊन बाभुळगावला आले आणि सासूनं पहिल्याच आठवड्यात चार शेजारणींसमोर विचारलं, "काय वो, माहेरी तंबाखूचा मळा होता काय तुया?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पदर तोंडावर घेऊन. ती सवय अजून सुटली नाही.

माझी थोरली बहीण त्याच गावात राहिली. तिची पाठ इतकी वाकली आहे की ती चालते तेव्हा जमिनीवर काहीतरी हरवलेलं शोधत चालल्यासारखी दिसते. तिच्या नातवंडांचे दात माझ्यासारखे. हे सगळं पाण्यातल्या फ्लोराईडनं होतं, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. ती तेव्हा नववीत होती. पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "माय, तोंड उघड." मी उघडलं. तिनं पुस्तकातलं चित्र पाहिलं, माझे दात पाहिले, पुन्हा चित्र पाहिलं. मग पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसली. तिचं पुढचं सगळं शिक्षण त्या गप्प बसण्यातून निघालं असं मला वाटतं.

आता माझं शिक्षण सांगते. चौथी. माझा नवरा तालुक्याच्या कॉलेजात शिपाई होता. तो तापानं गेला तेव्हा पोरगी कडेवर होती, आणि त्याच्या जागी मला प्रयोगशाळेत घेतलं. काम काय, तर काचेची भांडी धुणं, टेबलं पुसणं, बाटल्या जागच्या जागी ठेवणं. इंग्रजी अक्षरं मी त्या बाटल्यांवरूनच शिकले. कोणती बाटली हाताला भाजते, कोणतीचं बूच काढलं की डोळ्याला पाणी येतं, हे अक्षरांच्या आधी शिकले.

तीस वर्षं मी तिथं होते आणि सगळी शास्त्रं माझ्या हाताखालून गेली, म्हणजे धुऊन निघाली म्हणा. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, लाल्या रोगाची पानं गोळा करायच्या. ती पानं रद्दीच्या कागदात दाबून, रोज कागद बदलून मी वाळवायची. प्राणिशास्त्राचे सर शेताशेतांतली गांडुळं मोजायचे, आणि कोणत्या शेतात फवारणी झाली ते गांडुळांवरून ओळखायचे. त्यांच्या खोलीत माणसाचा सापळा होता, त्याच्यावरची धूळ मी दर शनिवारी पुसायची. पहिले दोन शनिवार डोळे मिटून, नंतर गप्पा मारत. रसायनाच्या सरांचा साका असायचा, म्हणजे पाण्यात खाली बसलेला गाळ. तो गाळून, चिनीमातीच्या बशीत घेऊन, अगदी कोरडा करून तोलायचा. पानं असोत, धुतलेली भांडी असोत, साका असो, शेवटचं काम एकच: वाळवणं. आणि ते माझं.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी लाइट गेली आणि सरांचे सहा साके ओलेच राहिले. मी घरून लोखंडी कढई आणली, नदीची धुतलेली वाळू भरली, गॅसच्या बर्नरवर ठेवली आणि फुटाणेवाला वाळूत फुटाणे भाजतो तशा त्या बश्या वाळूत बसवल्या. तासाभरात सगळे खडखडीत. सर म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्यापेक्षा शास्त्रज्ञ निघाल्या." बघा, वीस वर्षं झाली असतील. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

पण एक गोष्ट त्या तीस वर्षांत मी कधी केली नाही. विचारलं नाही. हे असं काहून करता, हे तसं कायले ठेवता, असं कोणालाच नाही. विचारलं की आपल्याला कळत नाही हे उघडं पडतं, आणि मग हातातलं काम काढून दुसऱ्याला देतात, अशी माझी भीती. म्हणून मी बघून शिकायची. बघून शिकलेलं पक्कं असतं असा मला गर्वही होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि दूरच्या विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. विषय लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचं चुंबकत्व. विहारातल्या बाया मला विचारायच्या, पोरगी काय करून राह्यली? मी सांगायची, लोखंड बारीक करून राह्यली. त्या म्हणायच्या, एवढं शिकून? मग मी तिनं सांगितलेलं त्यांना सांगायची. केसाच्या जाडीचे काही हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा एक कण. सुईवर चुंबक घासला तर सुईच चुंबक होऊन बसते, चुंबक दूर केला तरी टाचण्या उचलते. म्हणजे तिला आठवण राहते. पण कण फारच बारीक झाला की त्याला आठवण राहत नाही. चुंबक जवळ आणला की सगळे धावत येतात, दूर केला की जसं काही झालंच नाही असे पुन्हा पाण्यात सुटे होतात.

आणि हे कण पाण्यातला फ्लोराईड पकडतात. हापशीच्या पाण्याच्या गुंडात, म्हणजे कळशीत, चिमूटभर टाकायचे, हलवायचे, बाहेरून चुंबक लावायचा, सगळे कण एका कडेला. वरचं पाणी ओतून घ्यायचं. कण धुवायचे, पुन्हा वापरायचे. लाइट लागत नाही, मोटर लागत नाही. माझ्या बहिणीला हे फोनवर सांगितलं तेव्हापासून तिचा दर फोन एकाच वाक्यानं सुरू व्हायचा: "पोरीचं पाणी झालं काय वो?"

पोरीचं पाणी होत आलं होतं. तिनं पाच आकारांचे कण बनवले होते, सर्वांत बारीकपासून थोड्या मोठ्यापर्यंत, पाच छोट्या बाटल्यांत. कोणत्या आकाराला आठवण राहत नाही आणि कोणता फ्लोराईड जास्त पकडतो हे त्या पाचांवरून ठरणार होतं. चुंबकपणा मोजायचं यंत्र दूरच्या एका मोठ्या संस्थेत, त्याची तारीख आठ महिने वाट पाहून मिळालेली, मे महिन्यातली. जूनअखेर तिची प्रबंधाची मुदत संपत होती, आणि ती एकदा वाढवून घेतलेली होती. तिचे सर त्याच जूनमध्ये निवृत्त होणार होते. पुन्हा बनवायचं म्हटलं तर एकेका नमुन्याला आठवडे लागायचे, आणि अख्ख्या हिवाळ्यात कितीतरी वेळा बिघडून हे पाच साधले होते. थोडक्यात, तिची सहा वर्षं त्या पाच बाटल्यांत होती. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

विद्यापीठाला सुट्टी लागली तशी ती बाटल्या घेऊन घरी आली. इथून झरी जामणीला मावशीकडे जाऊन तिथलं पाणी आणायचं, गुरुवारी संध्याकाळी परत यायचं आणि शनिवारी सकाळी यंत्रासाठी निघायचं, असा बेत. निघताना तिनं पाचही बाटल्या माठाच्या सावलीत ठेवल्या. वर नितळ स्पिरिट, खाली काळाभोर गाळ. काजळासारखा काळा.

"माय, ह्या इथंच थंड्यात राहू दे. मी आल्यावर वाळवायच्या हायेत, मग घेऊन जाईन."

"बरं," मी म्हणाले.

दारात ती थांबली. काहीतरी सांगायचं होतं तिला, मला दिसलं. पण रस्त्यावर ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. ती म्हणाली, "जाऊ दे, आल्यावर पाहू." आणि गेली. ती पहिल्यासारखी सगळं समजावून सांगत नसे अलीकडे. थकली होती. आणि मीही पहिल्यासारखीच मान डोलवत होते, कळलं असो की नसो.

बुधवारी दुपारी ऊन असं होतं की माठाचं पाणीसुद्धा कोमट. कूलर बंद, लाइट सकाळपासून नाही. घरात स्पिरिटचा वास आला. पाहते तर एका बाटलीचं झाकण सैल, आतलं स्पिरिट बोटभर उतरलेलं. मी विचार केला: पोरगी उद्या उन्हातान्हाची येणार, परवाचा एक दिवस, त्यात कपडे धुणार की हे वाळवत बसणार? वाळवायचंच तर आहे. तीच म्हणाली. आणि वाळवणं म्हणजे तर माझं काम.

मी ते कसं केलं तेही सांगते, कारण नंतर मला ते लिहूनही द्यावं लागलं. कॉलेजातून निवृत्त होताना दिलेल्या पाच चिनीमातीच्या बश्या माझ्याकडे होत्या. प्रत्येक बाटलीवरचं स्पिरिट हळूच ओतून काढलं. गाळ बशीत घेतला. बश्या आधी अंगणात ठेवून स्पिरिटचा वास पूर्ण जाऊ दिला, कारण स्पिरिट आणि आच जवळ आणायची नसते, हे मी जाणते. प्रत्येक बशीखाली तिची चिठ्ठी. एका बाटलीचा कण दुसरीत जाऊ दिला नाही. मग कढई, वाळू, गॅस मोठा, आणि वर लोखंडी तवा झाकण म्हणून, आच चांगली कोंडावी यासाठी. चार बश्या मध्ये बसल्या. पाचवीला जागा नव्हती, थोडी वाळू सरकवली तेव्हा कुठं ती काठावर टेकवली, तिथं आच कमी पोचते. तीन तास झाले आणि सिलिंडर संपलं.

तवा उचलला तर काळे गाळ विटकरी झालेले. मऊ, कोरडे, तिखटासारखे. पाचवा तेवढा तपकिरी. मला काय वाटलं सांगू? वाटलं, पाणी गेलं की रंग उतरतो. पानांचा नाही का उतरत. मी पाचही बश्या परातीत मांडल्या, वर तिच्या बापाचा धुतलेला रुमाल झाकला आणि चार घरी सांगून आले की पोरीचं काम करून ठेवलं.

गुरुवारी ती आली. पाण्याचे कॅन उतरवले, हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्याली. मावशीनं दिलेली चारोळी पिशवीतून काढली. मी परात आणून तिच्यापुढे ठेवली.

"पाहय. तुयं काम करून ठेवलं."

तिनं रुमाल उचलला. ओरडली नाही. मला वाटतं ओरडली असती तर मी कुठंतरी पळाले असते, भांडले असते, काहीतरी झालं असतं. ती नुसती बघत राहिली. मग तिनं विचारलं, "किती वेळ?"

"तीन घंटे."

"कायच्यावर?"

"वाळूत. मोठ्या आचेवर. झाकण ठेवून."

तिनं पिशवीतून चुंबक काढला. तो पहिल्या बशीखाली धरला, हलवला. विटकरी भुकटी तशीच. दुसऱ्या बशीखाली धरला. तशीच. पुढच्या बश्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. रुमालाच्या चार घड्या केल्या, मांडीवर ठेवल्या आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"माय, संपलं," ती म्हणाली.

मी विचारायला हवं होतं, काय संपलं. तेही विचारलं नाही. चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला लागले. पीठ हाताला चिकटत होतं आणि मी ते पुन्हा पुन्हा धूत होते. तिनं दोन घास खाल्ले, ते माझ्यासाठी खाल्ले. मग भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पाठ ताठ झाली, आणि मग मुद्दाम सैल केली, मला वाईट वाटू नये म्हणून. ते जास्त लागलं.

सकाळी तिनं सरांना फोन लावला. मी मोरीत भांडी घासत होते. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. हो सर. पाचही सर. नाही, तारीख पुढं नाही जाणार. आणि मग ती म्हणाली, "नाही सर, दुसऱ्या कोणाचं नाही. माझ्याच हातानं झालं."

हातातलं भांडं मी खाली ठेवलं. माझ्या तीस वर्षांत एक परीक्षानळी फुटली तरी मी स्वतः जाऊन सांगायची की माझ्याकडून फुटली. आणि आज माझी पोरगी माझं नाव गिळून बसली होती. मी पाच बश्या कागदाच्या पुड्यांत ओतल्या, चिठ्ठ्या लावल्या, पुड्या पदरात बांधल्या आणि बसस्टँडकडे निघाले.

तिथं मोटारी वाइंडिंग करणारे एक मिस्त्री आहेत. मुसलमान घरातले, माझ्याच वयाचे, मी त्यांना भाऊ म्हणते आणि ते मला आपा. पोरीचा तो चुंबक त्यांनीच दिलेला, जुन्या स्पीकरमधला. मेलेल्या चुंबकात ते पुन्हा जोर भरतात, हे मला ठाऊक होतं. तारेच्या वेटोळ्यात ठेवून वीज सोडतात. मी पाच पुड्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, भाऊ, यात चुंबक भरून द्या. उद्या सकाळच्या आत.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, आपा, मी पंख्यात जीव घालतो, मसाल्यात नाही. मी हसले नाही. माझं तोंड पाहून तेही गंभीर झाले. सगळं ऐकून घेतलं. पहिली पुडी वेटोळ्यात धरली, दोनदा वीज सोडली, मग मोठा चुंबक जवळ आणला. भुकटी हलली नाही. त्यांनी चिमूट घेऊन बोटांवर चोळली, वास घेतला.

"आपा, ये तो जंग है," ते हळूच म्हणाले. "लोखंड जळून गेलं. जंग में जान मैं कैसे डालूँ?"

गंज. सहा वर्षांचा मी तीन तासांत गंज केला. त्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर मी बसले, आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना रडले. मिस्त्रींनी गिऱ्हाइकांना नंतर यायला सांगितलं, मला पाणी दिलं, आणि हातांना काहीतरी चाळा म्हणून एकेक पुडी उघडून चुंबक लावत राहिले. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या पुडीवर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी कागदाखालून चुंबक पुन्हा फिरवला आणि मला हाक मारली.

तपकिरी भुकटी उभी राहिली होती. मांजराच्या पाठीवरचे केस फुलतात तशी. चुंबक जिकडे तिकडे ती.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. पोरगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मी पुडी तिच्यापुढे उघडली. तिनं चुंबक फिरवला, उठून बसली, खिडकीजवळ नेऊन पुन्हा फिरवला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर ती नववीतली पोरगी आली.

"ही कुठं होती कढईत? किती वेळ? सगळं लिहून दे, माय. जसं झालं तसं. एक शब्द कमी नको."

तिची नोंदवही माझ्यापुढं आली. तोवर मी सही, वाणसामानाची यादी आणि चिठ्ठ्या, एवढंच लिहिलेलं. पहिल्यांदा पानभर लिहिलं. "मी बुधवारी दुपारी एक वाजता वाळूच्या कढईत पाच बश्या ठेवल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचवी काठावर होती. गॅस संपला." असं ओळीओळीनं. तिनं त्यातली एक मात्रा बदलली नाही. खाली तारीख घातली आणि मला म्हणाली, "सही कर." मी केली. आजही मी जे काही लिहिते, हे लिहितेय तेही, त्या पानापासून सुरू झालेलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

शनिवारी ती एक पुडी आणि चार मेलेल्या पुड्या घेऊन गेली. पाच दिवसांनी फोन आला. आवाज अगदी सपाट.

"माय, आठवण राह्यली त्यायले."

मला वाटलं चांगलं झालं असेल. तिनंच पुढचं सांगितलं. आचेनं बारके कण एकमेकांना चिकटले आणि मोठे झाले. चुंबकपणा आहे, पण आता चुंबक दूर केला तरी तो त्यांच्यात उरतो. पाण्यात टाकले की एकमेकांना धरून गुठळ्या होतात, सुटे होत नाहीत, म्हणून फ्लोराईडही पकडत नाहीत. आणि पाचांतला एकच, त्याची कशाशी तुलना करणार. सरांनी प्रयत्न केला. मुदतीचा अर्ज वरपर्यंत गेला. सर जूनअखेर घरी गेले, आणि जुलैत टपालानं दोन ओळींचं पत्र आलं की नोंदणी रद्द झाली आहे, हवं तर नव्यानं सुरुवात करता येईल. नव्यानं. तिनं पत्र वाचून माझ्याकडे दिलं. मी ते वाचलं आणि कुठं ठेवू ते कळेना, म्हणून बराच वेळ हातातच धरून बसले.

आता ती नेरला शिकवते, तासिकेवर. सकाळच्या बसनं जाते, दुपारच्या बसनं येते. मुलांना चुंबकाचा धडा शिकवायचा आला की दोन दिवस तिचं जेवण कमी होतं. मला ती काही बोलत नाही. एकदाही बोलली नाही. विहारातल्या बाया विचारतात तर तीच पुढं होऊन सांगते, यंत्र बिघडलं होतं. मी तिथंच उभी असते. आणि बहिणीचा फोन येतो. "पोरीचं पाणी झालं काय वो?" मी म्हणते, होऊन राह्यलं. तिला खरं सांगायची माझी हिंमत नाही. गेल्या महिन्यात ती म्हणाली, आता मले बसूनच सरकावं लागते, पण लेकरायसाठी तरी होऊ दे. फोन ठेवल्यावर मी माठाकडे तोंड करून उभी राहिले. तिथं त्या रिकाम्या बाटल्या अजून आहेत, धुतलेल्या.

काल मी तिनं परत आणलेली पाचवी पुडी एका बाटलीत भरली. चिठ्ठी लिहायला घेतली. कॉलेजात आम्ही लिहायचो तशीच: धुऊ नये, वाळवू नये. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: विचारावे. लिहिलं आणि बाटलीला चिकटवत होते तेवढ्यात ती बसवरून आली. पर्स ठेवली, चिठ्ठी वाचली.

"विचारावे कोणाले?"

"तुले."

तिनं तोंड धुतलं. पदराला हात पुसला, माझ्याच पदराला, लहानपणी पुसायची तसा. "मंग विचार," ती म्हणाली.

दीड वर्ष झालं होतं. मिस्त्रींनी गंज म्हटलं त्या दिवसापासून मला अर्धंमुर्धं कळलेलं होतं. तरी तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. मी म्हणाले, "पोरी, ते ओलं कायले ठेवलं होतं तू?"

"हवा लागू नये म्हणून."

एवढंच. चार शब्द. दारात ऑटो उभा असताना सांगायला पुरले असते, आणि मी विचारलं असतं तर तिनं सांगितले असते.

ती खाली बसली, माझ्या गुडघ्याला टेकून. म्हणाली, वाळवायचं होतं तेही हवा काढलेल्या डब्यात, बिनआचेचं; त्या दिवशी मी दारातून सांगणार होती, माय. मंग वाटलं, तुले हे समजीन काय, आणि समजावाले किती वेळ लागीन. मी म्हणाले, मी मान डोलावली असती बघ, समजल्यासारखी. ती म्हणाली, हो, तेच.

ती नव्यानं सुरू करेल का, हे मी विचारणार होते. जिभेवर आलं होतं. तिनं बाटली हातात घेतली होती, उजेडाकडे धरून चिठ्ठीवरचं माझं अक्षर बघत होती, आणि बाटली तिनं खाली ठेवली नव्हती.

"आणखीन एक विचारायचं हाय," मी म्हणाले.

"आज नको, माय," ती म्हणाली. "उद्या विचार."

आज तो उद्या आहे. दुपारची बस अजून यायची आहे.